सत्यवती टीचर आणि पाठ झालेली चार पुस्तकं

चिंचमळच्या शाळेत अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली आणि एक टीचर. पाळीच्या तिठ्यावरून आत वळायचं, खाणीच्या ट्रकांमागून तांबडी धूळ खात दोन किलोमीटर जायचं, आणि जिथे ट्रकांचा आवाज कमी होऊन पोरांचा वाढतो तिथे थांबायचं. टीचरचं नाव सत्यवती. माहेर हळर्णचं, सासर डिचोलीचं, पण दोन्हीकडे मिळून जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं त्यांचं या एका खोलीत झालेलं.

टीचरना एक अभिमान होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. "माझ्या शाळेतून वाचता न येणारं पोर चौथी पास होऊन गेलेलं नाही." हे त्या तपासणीला आलेल्या साहेबांना सांगत, पालकांना सांगत, आणि ऐकायला कोणीच नसलं तर सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही सांगत. पोदेर बिचारा मान डोलवायचा. त्याला पुढच्या वाड्यावर जायचं असायचं.

आता चार इयत्ता एका वेळी शिकवायच्या म्हणजे एका हाताने चार कढया ढवळायच्या. टीचरनी त्यावर तोड काढली होती. प्रत्येक इयत्तेतलं चांगलं वाचणारं पोर पुढारी नेमायचं. पुढाऱ्याने उभं राहून एक ओळ वाचायची, बाकीच्यांनी त्याच्यामागून ती म्हणायची. तिसरीचं वाचन चालू असताना चौथीने गणितं सोडवायची, पहिलीने पाटी गिरवायची. तेवढ्या वेळात टीचर हजेरी घेत, दुपारच्या आहाराचा आकडा मोबाइलवर भरत, आणि कुणाचा आधार क्रमांक कशाला जोडायचा राहिलाय ते शोधत. त्यातून शिकवायलाही वेळ काढत, हे विशेष.

चौथीची पुढारी होती सिद्धी. नऊ वर्षांची, अंगाने काडी आणि आवाजाने घंटा. तिचा बाप बाबली मूळचा दोडामार्गकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. सिद्धी वाचायला उभी राहिली की रस्त्यावरचे ट्रक हळू होत. ड्रायव्हर म्हणत, तिथे गतिरोधक आहे म्हणून. पण गतिरोधक शाळेच्या अलीकडे होता आणि ट्रक पलीकडेही हळूच जात. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे राजाचा राग दाखवायचा, सगळं तिला बरोबर जमायचं. तालुक्याच्या वाचन स्पर्धेला टीचरनी तिचं नाव एकदम खात्रीने पाठवलं होतं. ही स्पर्धा साधी नव्हती. तिथे पाकिटातून न वाचलेला उतारा काढून हातात देत.

सिद्धीचं लिहिणं मात्र यथातथाच. श्रुतलेखनात दहापैकी दोन शब्द धड. टीचर म्हणत, "हुशार माणसाचं अक्षर असंच असतं. डॉक्टरांचं बघा." दोन गुण मिळणाऱ्या पोराला डॉक्टरांच्या रांगेत नेऊन बसवणारी टीचर गोव्यात दुसरी नसेल.

डिसेंबरात मोबाइलवर परिपत्रक आलं. डिचोलीत तीन दिवसांचं प्रशिक्षण, विषय 'वाचन अक्षमता, अर्थात डिस्लेक्सिया'. टीचरनी याआधी योगासनांचं, स्वच्छतेचं, टॅबलेटचं आणि टॅबलेट बिघडल्यावर काय करायचं याचंही प्रशिक्षण घेतलं होतं. प्रत्येकाची एक कापडी पिशवी मिळालेली. घरात त्या पिशव्या कांदे-बटाट्यांना कामी येत होत्या. या विषयावर मात्र त्यांना आजवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं. डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पुस्तकात 'मंदगती विद्यार्थी' असा अर्धा परिच्छेद होता, आणि तो परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी गाळला होता.

पहिल्या दिवशी पडद्यावर सगळं इंग्रजी. बी उलटा केला की डी होतो, पी उलटा केला की क्यू होतो. पेडण्याचे रघुनाथ सर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, मागच्या बांकावरून म्हणाले, "मॅडम, आमची पोरं मराठीत शिकतात. आमचा 'क' उलटा केला तरी काही होत नाही."

हशा झाला. शिकवायला आलेल्या गौरवी मॅडमही हसल्या. मुलगी हरमलची, वय सत्तावीस-अठ्ठावीस, स्कूटर घेऊन चौदा शाळा फिरणारी. त्यांनी पडद्याचा दिवाच बंद केला. "खरं आहे, सर. हे पडद्यावरचं मला वरून आलंय. ते ठेवूया बाजूला." आणि त्यांनी प्रत्येकाला एक-एक कागद वाटला. त्यावर कानडी मजकूर. "एक मिनिटात वाचायचं. मोठ्याने."

कुणाला येईना. मॅडम रघुनाथ सरांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. "काय सर? कालच शिकवलं ना? बाकी सगळं बरं कळतं, वाचतानाच का झोप येते? घरी अभ्यास नको, मोबाइल हवा!" रघुनाथ सरांचं तोंड लाल झालं. पस्तीस वर्षं जी वाक्यं त्यांनी फेकली होती ती पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर येत होती. ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मग मॅडम जे बोलल्या ते टीचरनी वहीत लिहून घेतलं. मूल बोलायला आपोआप शिकतं. घरात चार माणसं बोलत असली की झालं. वाचणं तसं नाही. माणूस लाखो वर्षं बोलतो आहे, वाचतो आहे फक्त कालपरवापासून. प्रत्येक पोराच्या डोक्यात डोळ्यापासून कानापर्यंतची ही वाट नव्याने पाडावी लागते. काहींची लवकर पडते. काहींची, कितीही हुशार असली तरी, एकेक दगड उचलून पाडावी लागते.

टीचर बसल्या जागी थक्क झाल्या. चोवीस वर्षं त्या जे करत होत्या ते इतकं अवघड आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. शे-दीडशे डोक्यांत वाट पाडली आपण! त्यांना स्वतःचाच जरा आदर वाटला. तो दोन दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, उद्या येताना आपल्या एका मुलाचं वाचन मोबाइलवर घेऊन या. बाकीच्यांनी अडखळणारी पोरं आणली. टीचरकडे अडखळणारं कोणी नव्हतंच, म्हणून त्यांनी वाचन कसं असावं याचा नमुना नेला. सिद्धी. तिसऱ्या दिवशी सभागृहात तो आवाज घुमला आणि टाळ्या पडल्या. गौरवी मॅडमनीही वाजवल्या. पण चहाच्या वेळी त्या टीचरना जिन्यापाशी घेऊन गेल्या.

"टीचर, मघाचं परत बघूया? आवाज बंद करून."

आवाज गेल्यावर उरली फक्त पोरगी. हातात पुस्तक, बोट एका ओळीखाली. तोंड हलत होतं. बोट हलत नव्हतं. पहिल्या ओळीखाली ठेवलेलं बोट धडा संपेपर्यंत तिथेच होतं. आणि डोळे पुस्तकात नव्हतेच. ते जनेलाबाहेर, खिडकीपलीकडच्या कुंपणावर बसलेल्या कोंबड्यावर होते.

"तिची नजर कुठे आहे, टीचर?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

टीचरच्या हातातला चहा निवून गेला.

प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्यांनी सिद्धीला थांबवलं आणि कपाटातलं एक गोष्टीचं पुस्तक पुढे केलं. नवीन आलेलं, अजून कुणी न उघडलेलं. "वाच बघू."

सिद्धीने चित्र बघितलं. पुस्तक उलटं-सुलटं केलं. मग कोणाची तरी चूक दाखवून द्यावी तसं म्हणाली, "टीचर, ह्याचं वाचन कधी झालंच नाही."

"तूच कर ना आता."

"पण पहिलं कोणी तरी वाचायला हवं ना?"

टीचर कदेल ओढून तिच्यासमोर बसल्या. "बरं. तिसरीच्या पुस्तकातला सातवा धडा?" सिद्धीने पुस्तकाशिवाय सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीला पोचली. "दुसरीचा चौथा?" तोही. पहिलीच्या कविता, चौथीचे अजून न शिकवलेले धडे, सगळं. चार इयत्ता एका खोलीत. पहिलीत बसून पाटी गिरवताना तिच्या कानावर चौथीचं वाचन पडत होतं, आणि कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून परत बाहेर पडत नव्हतं. चौथीच्या नवव्या धड्यात, नदीच्या वर्णनाच्या ऐन मध्यावर, ती त्याच संथ लयीत म्हणाली, "ए प्रज्योत, जनेलाबाहेर काय बघतोस, नंतर नदी पुढे समुद्राला मिळते."

प्रज्योत शाळा सोडून दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी टीचर त्याच्यावर ओरडल्या होत्या. त्यांचं ओरडणं पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं होतं, स्वल्पविरामांसकट.

टीचरना हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. एवढंसं डोकं, त्यात चार पुस्तकं! देवळात पोथी म्हणणाऱ्या भटजींनाही मधून पान बघावं लागतं. "सिद्धी," त्यांनी विचारलं, "बाकीची पोरं वाचताना पुस्तकात का बघतात गं?"

सिद्धीने इकडेतिकडे बघितलं. वर्गमित्रांची निंदा करायची तिला सवय नव्हती. मग आवाज बारीक करून म्हणाली, "त्यांच्या लक्षात राहत नाही ना, टीचर. म्हणून बघावं लागतं. त्यांना बोलू नका हां."

चार वर्षं ही पोरगी अख्ख्या शाळेची कीव करत होती.

टीचर घरी गेल्या त्या स्कूटर कशी चालवली ते न कळता. अभिमानाचं काय झालं ते विचारायलाच नको. चौथी पास होऊन गेलेल्यांपैकी किती जण असेच कानांवर तरून गेले, देव जाणे. सिद्धी थोड्याच महिन्यांत हायस्कूलला जाणार होती. तिथे प्रत्येक विषयाचं पुस्तक वेगळं, सर वेगळे, आणि आधी कोणी काही वाचून दाखवणार नाही. तिथे ती एका दिवसात ढ ठरली असती, का ते कुणाला कळलंही नसतं. आणि त्याआधी ती स्पर्धा होतीच, भरल्या सभागृहात, पाकिटातल्या उताऱ्यासह. पोरीची मान खाली न जाता खरं बाहेर काढायचं होतं.

गौरवी मॅडमनी फोनवर वाट सांगितली. आधी तज्ज्ञांकडून तपासणी, मग दाखला. तो असला तर हायस्कूललाही जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवायला माणूस, सगळं मागता येतं. त्यासाठी पालकाची सही हवी.

बाबली सहीला आला तो ट्रक शाळेसमोर उभा करून. अर्जाच्या वरच्या बाजूला छापलेला 'दिव्यांग' हा शब्द त्याने बघितला आणि कागद मेजावर परत ठेवला.

"टीचर, ह्यो अपंगांचो फारम. माज्या चेडवाक काय झालासा?"

"काही झालेलं नाही, बाबलीबाब. तिला वाचता येत नाही."

"वाचूक येना नाय?" बाबली हसायलाच लागला. "अख्खी ट्रकांची लायन तेचा वाचाप आयकता! स्पर्धेत जातला म्हणान मी सगळ्यांक सांगान ऱ्हवलंय. तुमीच तेचा नाव दिल्यात आणि तुमीच म्हणतात येना नाय?"

"चूक माझी," टीचर म्हणाल्या. चोवीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी या खोलीत पहिल्यांदा उच्चारले. "मी तिला वाचायला शिकवलं नाही. ती ऐकून शिकली, आणि मला ते वाचन वाटलं."

बाबली ऐकेना. शेवटी टीचरनी मोबाइल काढला आणि आवाज बंद करून तेच वाचन त्याच्यापुढे धरलं. बाबलीने एकदा बघितलं. मग मोबाइल हातात घेऊन परत बघितलं. ड्रायव्हर माणूस, कोणाचे डोळे कुठे आहेत हे बघण्यावर त्याचं पोट.

"हेची नजर रस्त्यार नाय," तो म्हणाला.

"नाही."

"आणि गाडी बरोबर जाता!" त्याचा आवाज एकदम बदलला. आता त्यात राग नव्हता, एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी तशी दाद होती. "टीचर, पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटात धुक्याक हातभर दिसना नाय. मी चढतंय. वळणा पाठ आसत म्हणान. पण तां एकच घाट. हेणा चार पुस्तकांचे घाट पाठ केल्यान?"

"चार. धुक्यात."

"आरे बापरे!"

"आणि उद्या तुम्हाला नव्या रस्त्यावर सोडलं तर? धुक्यात?"

बाबलीने मेजावरचा अर्ज परत पुढे ओढला. बाहेर एक ट्रक हॉर्न मारत गेला, त्याच्याच कंपूतला असावा. त्याने मान वर केली नाही. "पयल्या वळणार खाली जातलंय," तो म्हणाला, आणि पेन मागितलं. सही करून उठताना मात्र दटावून गेला, "पण टीचर, तेका येडा म्हणूचा नाय कोणी."

"कोणी म्हणून तर बघू दे," टीचर म्हणाल्या.

स्पर्धेतून नाव काढल्यावर सिद्धी रुसली. अशी तशी नाही, दोन दिवस तिने पुढारीपण सोडलं. चौथीच्या वाचनाची मग जी दैना झाली ती सांगायची सोय नाही. तीन पोरं तीन ओळींवर. टीचरनी तिला समजावलं नाही. त्यांना समजावता येईना. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सिद्धी आपणहून आली. रुसवा गालावर तसाच होता, पण त्याच्यापेक्षा मोठं काही तरी तिला स्वस्थ बसू देत नव्हतं.

"टीचर, बाबा म्हणतात, बाकीच्यांना पुस्तक बघून कळतं. आधी ऐकलं नसलं तरी."

"हो."

"कोणी सांगितलं नाही तरी?"

"तरी."

"कुठलंही पुस्तक? ते कपाटातलं? पेपर? औषधाच्या बाटलीवरचं?"

"सगळं."

सिद्धी कपाटाकडे बघत राहिली. चार पुस्तकं डोक्यात घेऊन फिरणारी पोर, पण तिला आजच कळत होतं की कागद न ऐकलेलंही सांगतो. इतकी वर्षं टीचरना हे रोजचं, पिठामिठाइतकं साधं वाटत होतं. तिच्या तोंडाकडे बघताना त्यांनाही ते पहिल्यांदाच दिसलं: काळे फराटे, मुके, आणि त्यांच्यातून मेलेली माणसंसुद्धा बोलतात.

"मला पण हवं," सिद्धी म्हणाली.

मग सुरू झालं. शाळा सुटल्यावर पाऊण तास. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात जेवढं मिळालं होतं तेवढ्याने काय होणार. रोज संध्याकाळी गौरवी मॅडमना फोन. गुळगुळीत वाळू घेऊन ताट भरा, त्यात अक्षर काढू द्या, काढताना आवाज म्हणू द्या, असं मॅडमनी सांगितलं होतं. चिंचमळात वाळू कुठली? तांबडी माती मात्र हवी तेवढी. सिद्धीचं बोट तांबडं, टीचरचं बोट तांबडं, हजेरीपटावर तांबडे ठसे. एका दिवशी एक आवाज. आवाज पक्का झाल्याशिवाय पुढे नाही. कधी आठवडाभर 'म' आणि 'भ' यांच्यातच जायचा. काल आलेलं आज नसायचं. टीचरच्या ओठांवर ते वाक्य यायचं, "कालच शिकवलं ना?" आणि रघुनाथ सरांचं लाल झालेलं तोंड आठवून त्या ते गिळायच्या.

सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तिचं डोकं. दोन अक्षरं दिसली की ते उरलेली ओळ अंदाजाने रचून मोकळं, आणि अंदाज दहातले आठ वेळा बरोबर. पुस्तकातलं काहीही पुढे ठेवायची सोय नव्हती, सगळं पाठ. चित्र नको, ओळखीची गोष्ट नको. जे जगात कोणी कधी मोठ्याने म्हटलेलं नाही, ते टीचरना स्वतः लिहावं लागायचं.

फेब्रुवारीत तपासणी झाली. निदान तेच आलं आणि दाखल्याचे कागद पुढे गेले. मार्चमधल्या एका दिवशी, दुपारचा पाव-भाजीचा आहार वाटून झाल्यावर, टीचरनी सिद्धीला जवळ बोलावून एक घडी घातलेला कागद दिला. त्यावर चार-पाच शब्द, मोठ्या अक्षरात.

सिद्धीने कागद मेजावर पसरला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "आ... ज. आज." बोट सरकलं. "मा... झा. माझा." पुढे गेलं. "ड... बा. डबा." इथे तिचे डोळे कागदावरून उठले, टीचरच्या स्टीलच्या डब्यावर गेले, आणि तोंड भरभर सुटलं, "आज माझ्या डब्यात चपाती-भाजी आहे!"

रोज तीच असायची. टीचर फक्त कागदाकडे बघत राहिल्या.

सिद्धी परत वाकली. घाम तिच्या नाकावर जमला होता. "रि." थांबली. नाक पुसलं. "रि... का..." बाकीची पोरं हात धुऊन बाहेर धावली, कोणी कोणाला ढकललं, कोणी रडलं, टीचर उठल्या नाहीत. "मा. रिका... मा." बोट शेवटच्या शब्दाखाली आलं. "आ... हे."

मग तिने पहिल्यापासून घेतलं, बोट न उचलता. "आज. माझा. डबा. रिकामा. आहे."

ती टीचरकडे बघायला लागली. हे वाक्य कुणी वाचून दाखवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं. चौथीने नाही, तिसरीने नाही. तिने सरळ हात पुढे करून डब्याचं झाकण काढलं.

आत काही नव्हतं. धुतलेलं, चकचकीत स्टील.

"टीचर!" तिला पुढे बोलता येईना. तिने कागद बघितला, डबा बघितला, परत कागद बघितला. "टीचर, ह्याने सांगितलं! तुम्ही काही बोलला नाहीत, आणि ह्याने मला सांगितलं!"

"हो गं बाय."

कागदाने जे सांगितलं त्याचा अर्थ आत्ता सिद्धीच्या डोक्यात शिरत होता, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या.

"म्हणजे तुम्ही जेवला नाही?" असं ओरडून ती आपल्या थाळीकडे धावली, उरलेल्या पावाचे दोन तुकडे केले, आणि त्यातला मोठा आणून टीचरच्या हातात कोंबला.